समुद्री टाकीचा फिल्टर: स्किमर, रेफ्युजियम की नुसतं पाणी बदलणं?

शंखशिंपला

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं गोड्या पाण्याची, झाडांची टाकी सांभाळली. आता खाऱ्या पाण्यात उतरायचं ठरवलंय. टाकी ३६ × १८ × १८ इंचांची, काठोकाठ भरली तर १९० लिटर. काच कापायला दिली आहे आणि खालचं कपाट सुतार पुढच्या आठवड्यात करायला घेईल. त्यामुळे फिल्टरचा निर्णय आत्ताच हवा. काचेला भोक पाडायचं की नाही, कपाटात किती जागा मोकळी ठेवायची, सगळं त्यावर अडलंय.

ठेवायचं काय, तर दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी. प्रवाळांत झोआ, मशरूम, लेदर, आणि सहा महिन्यांनी सगळं स्थिर असेल तर एखादा हॅमर. खरं सांगायचं तर हॅमरसाठीच हा सगळा खटाटोप आहे. पाण्याबरोबर डुलणारी ती बोटं एका मित्राकडे पाहिली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

माझ्याकडे जुना कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा) आहे, चांगला चालतो. दुकानदार म्हणतो, बायोबॉलचा (जिवाणू वाढायला प्लास्टिकचे गोळे) उभा टॉवर लावा, दुसरं काही नको. इथले जुने धागे वाचले तर निम्मे लोक म्हणतात स्किमरशिवाय (फेसातून घाण काढणारं यंत्र) समुद्री टाकी करूच नका, आणि निम्मे म्हणतात रेफ्युजियममध्ये (वेगळ्या कप्प्यात) शेवाळ वाढवा, स्किमरचे पैसे वाचवा. सम्प (मुख्य टाकीचं पाणी खाली येऊन पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी) कपाटात बसेल, पण २४ इंचांपेक्षा लांब नाही.

दोन अडचणी आधीच सांगते. टाकी हॉलमध्ये असणार आणि सासूबाई हॉलमध्येच झोपतात, त्यामुळे आवाज चालणार नाही. आणि पावसाळ्यात आमच्याकडे (ठाणे) वीज जाते, कधी दोन तास, कधी चार. घरात लहान लेकही आहे.

मुठेकाठचा

शंखशिंपला, आधी काचवाल्याला फोन करा आणि थांबायला सांगा. काच टफन्ड करून घेतली की तिला भोक पडत नाही, फुटते. भोक साध्या काचेलाच आणि जोडण्यापूर्वीच.

आता मुद्द्यावर येतो. गोड्या पाण्यातून येणाऱ्या प्रत्येकाचा (माझाही, बारा वर्षांपूर्वी) पहिला गोंधळ इथेच होतो. तिकडे फिल्टर म्हणजे जिवाणूंचं घर. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट झालं की फिल्टरचं काम संपलं, कारण उरलेलं नायट्रेट तुमची झाडं खातात. समुद्री टाकीत जिवाणूंचं घर खडक असतो. सच्छिद्र खडकाच्या बाहेरच्या थरात अमोनिया संपवणारे जिवाणू राहतात आणि आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे. वायू बुडबुडे होऊन निघून जातो. १५ ते २० किलो चांगला खडक टाकलात तर तुमच्या चार जिवांचा अमोनिया सांभाळायला वेगळा फिल्टर लागतच नाही.

म्हणजे प्रश्न अमोनियाचा नाही. विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांचा चिकट स्राव ही घाण कुजण्याआधी बाहेर काढायची की कुजून तिचं नायट्रेट आणि फॉस्फेट झाल्यावर काढायची, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही विचारलेले सगळे पर्याय या एका प्रश्नाची उत्तरं आहेत.

कॅनिस्टर घाण धरून ठेवतो, पण ती पाण्यातच असते. आठवड्याला उघडून धुतलात तर ठीक, महिनाभर विसरलात तर तो नायट्रेटचा कारखाना होतो. गोड्या पाण्यात तीन महिन्यांनी उघडायची सवय असेल तर ती इथे अंगाशी येते. बायोबॉलचंही तेच. त्यावर भरपूर हवा खेळते म्हणून अमोनिया पटकन संपतो, पण नायट्रेट संपवायला हवाबंद जागाच नाही. नुसत्या माशांच्या टाकीत बायोबॉल वर्षानुवर्षं चालतात. प्रवाळांच्या टाकीत नको.

स्किमर मात्र घाण कुजण्याआधी पाण्याबाहेर काढतो. प्रथिनं, चरबी असल्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून त्यांचा घट्ट फेस होतो आणि नळीतून वर चढून कपात पडतो. गोड्या पाण्यात हेच यंत्र जवळजवळ निरुपयोगी. पहिल्यांदा कप भरेल तेव्हा वास घेऊन बघा, एरवी हे सगळं टाकीतच कुजलं असतं हे लगेच कळेल.

माझं मत: भोक पाडून सम्प करा, २०० लिटरला पुरेल असा सुईचाकाच्या पंपाचा स्किमर घ्या, कॅनिस्टर ठेवून द्या. रोगराईत वेगळ्या टाकीवर तो कामाला येईल.

भरतीओहोटी

मुठेकाठचा यांच्या कॅनिस्टर आणि बायोबॉलबद्दलच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. स्किमरबद्दल नाही.

माझी १२० लिटरची टाकी पाच वर्षं स्किमरशिवाय चालू आहे. झोआ, मशरूम, लेदर, दोन क्लाउन. सम्पच्या अर्ध्या भागात चेटोमॉर्फा शेवाळ, वर साधा वाढीचा दिवा, आणि तो दिवा टाकीचा प्रकाश मालवल्यावर लागतो. रात्री टाकीतलं सगळं श्वसन करतं, कर्बवायू वाढतो, पीएच उतरतो. त्याच वेळी खाली शेवाळ कर्बवायू ओढून घेत असतं. पंधरा दिवसांनी वाढलेला अर्धा गोळा उपटून टाकला की त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेटही घराबाहेर. शिवाय त्या गुंत्यात कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) वाढतात आणि पाण्याबरोबर वर जाऊन माशांच्या तोंडी लागतात. गोबी असेल तर हे सोन्यासारखं.

स्किमर हवाच असं नाही याला इतिहासही आहे. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातला जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस. त्यावर त्यांची प्रवाळं जगत होती.

एक सांभाळा. कौलर्पा जातीचं शेवाळ स्वस्तात मिळतं, ते घेऊ नका. ते एका रात्रीत बीजं सोडून पांढरं पडतं आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात ओततं. चेटोच घ्या.

राईनकाठ

मी पंधरा वर्षं जर्मनीत आहे आणि इथल्या लोकांकडूनच हा छंद शिकलो, म्हणून थोडी भर. आज आपण जिवंत खडक अधिक दणकट स्किमर असं जे म्हणतो, त्याला जगभर बर्लिन पद्धत म्हणतात. पेटर विल्केन्स आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनी ती सत्तरच्या दशकापासून घडवली. चुन्याच्या निवळीने बाष्पीभवनाचं पाणी भरायची युक्तीही विल्केन्स यांचीच. त्याआधी सगळा भर कृत्रिम माध्यमावर पाणी ठिबकवण्यावर होता. बर्लिनकरांनी ते माध्यम काढून टाकलं आणि खडकाला काम करू दिलं.

पण स्किमर म्हणजे सर्व काही, हेही खरं नाही. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची मोजमापं घेतली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कर्बाचा जेमतेम पाचवा ते तिसरा हिस्सा स्किमर काढू शकतो, असं निघालं. महाग आणि स्वस्त यंत्रांत फरक लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी होता. बाकीचा कर्ब फेसाला चिकटतच नाही.

मग मी स्किमर का ठेवतो? हवेसाठी. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, लिटरला साडेसहा-सात मिलिग्रॅम. स्किमर रात्रंदिवस पाण्यात हवा घुसळत असतो. भरतीओहोटी यांच्या टाकीत हे काम उलट्या वेळेचा दिवा आणि थोडे मासे करतात, म्हणून त्यांचं जमतं. शंखशिंपला, तुम्ही पुढे मासे वाढवणार नाही याची खात्री आहे का? मला कोणी भेटलेला नाही ज्याने वाढवले नाहीत.

सागरगोटा

दुकानदाराच्या टॉवरबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण मी तोच घेतला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. 'दोन वर्षं हात लावावा लागणार नाही' असं सांगून दिला होता. दहा महिन्यांत नायट्रेट ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८०). मशरूम आक्रसून बटणाएवढे झाले, काचेवर दर दोन दिवसांनी हिरवा थर. मी दर रविवारी १० टक्के पाणी बदलत होतो आणि आकडा हलायलाच तयार नव्हता. मला वाटायचं माझं पाणी तपासायचं किटच खराब आहे.

हिशेबी_मासा

सागरगोटा, किट खराब नव्हतं. हा हिशेब फार कमी लोक करतात म्हणून मांडतो.

समजा टाकीत आठवड्याला ४ पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि तुम्ही दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलता. आकडा चढत चढत ४० ला जाऊन थांबेल. ४० चे १० टक्के काढले की ३६, आठवड्यात ४ वाढले की पुन्हा ४०. तिथून पुढे जन्मभर तेच. २० टक्के बदललंत तर आकडा २० ला थांबेल, २५ टक्के बदललंत तर १६ ला. तुमच्याकडे ८० होते, म्हणजे आठवड्याला ८ तयार होत होते आणि बायोबॉल ते इमानदारीने बनवत होते.

आता दुसरी बाजू. खडक, स्किमर, शेवाळ मिळून त्या ४ मधले ३ कमी करत असतील, तर त्याच १० टक्क्यांत आकडा १० ला थांबतो. म्हणून फिल्टर आणि पाणी बदलणं यांत 'किंवा' नाही. फिल्टरने रोजची वाढ कमी करायची आणि बदललेल्या पाण्याने उरलेलं काढायचं.

खर्चाचंही बघा. तुमच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता १५५ लिटर आणि सम्पमध्ये ४५ धरले, तर एकूण २०० लिटर. १० टक्के म्हणजे २० लिटर, त्याला समुद्री मीठ पाऊण किलोच्या आत-बाहेर. महिन्याला तीन किलो. २५ टक्के बदलायचं म्हटलं तर साडेसात किलो. मिठाचा भाव तुम्हीच काढा आणि स्किमर किती महिन्यांत फिटतो ते पाहा.

शंखशिंपला

वा, हा हिशेब वहीत उतरवून घेतला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. दुकानातला कोरडा खडक महाग वाटतोय. माझा मावसभाऊ मालवणला असतो. तो म्हणाला, ओहोटीला किनाऱ्यावरचे भोकाभोकांचे खडक उचलून गोणीत घालून पाठवतो, आत जीवही असतील. जिवंत खडक म्हणजे हाच ना?

दर्यावर्दी

ताई, कृपा करून असं काही करू नका, आणि भावालाही सांगा.

मी मालवणचाच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुम्ही ज्याला भोकाभोकांचा खडक म्हणताय त्यावर बऱ्याचदा जिवंत प्रवाळ असतं, किंवा तो मेलेल्या प्रवाळाचाच सांगाडा असतो. २००१ पासून खडक बांधणारी सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. उचलणं, बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा. भाऊ एका गोणीपायी अडकेल.

कायदा बाजूला ठेवला तरी, लहानपणी किल्ल्याच्या मागच्या बाजूला ज्या खडकांवर आम्ही बुड्या मारायचो तिथे आज नांगरांनी आणि पायांनी तुटलेले तुकडे दिसतात. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने उचलून दुसऱ्या जागी हलवल्या, २०२० साली. एकेका वसाहतीसाठी एवढी मेहनत. आपल्या टाकीसाठी आपण ते तोडायचं?

हॅमरबद्दलही सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. हॅमर, टॉर्च, ब्रेन हे सगळे दगडी प्रवाळ. बाहेरून आणलेल्यांनाही साइट्सचे (संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतल्या प्राण्यांच्या नोंदणीचं कलमही आपल्या कायद्यात आलं आहे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणेल. झोआ, मशरूम, लेदर दगडी नाहीत. तेही समुद्रातून काढलेले घेऊ नका, दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले तुकडे घ्या. ते टिकतातही जास्त.

शंखशिंपला

दर्यावर्दी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. भावाला लगेच फोन केला. खडक कोरडाच घेणार. हॅमरचा विचार सोडला. वाईट वाटलं हे खोटं सांगत नाही, पण तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं.

मग आता फिल्टरचा विचार बदलतो का?

मुठेकाठचा

बदलतो, आणि तुमच्या बाजूने बदलतो. हॅमर नाही म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा (पाण्यातल्या कार्बोनेटचा) रोजचा खप जवळपास नाही, मिठातून येतं तेवढं पुरतं. झोआ-मशरूमना थोडं खाणं असलेलं पाणी आवडतं. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ असलं तरी ते खुशीत वाढतात. म्हणजे मोठा, महागडा स्किमर नको. भरतीओहोटी यांचं म्हणणं आता जास्त वजनदार झालंय हे मान्य करतो.

पण मऊ प्रवाळांची एक वेगळी गोष्ट आहे, जी धाग्यात अजून आली नाही. ही मंडळी दंश कमी करतात, पण रसायनं सोडतात. लेदर विशेषतः. शेजारचा वाढू नये म्हणून. समुद्रात ती वाहून जातात, १९० लिटरमध्ये कुठे जाणार? ही काढायला स्किमर पुरेसा नाही, शेवाळ तर नाहीच. सक्रिय कोळसा लागतो. जाळीच्या पिशवीत मूठभर कोळसा, स्वच्छ पाण्यात धुऊन, सम्पमध्ये जिथून पाणी जोरात जातं तिथे. तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. पाणी पिवळट दिसायचं तेही थांबतं. तुमच्या टाकीत हा खर्च सर्वांत छोटा आणि मला विचाराल तर सर्वांत आवश्यक.

आणि घरात लहान मूल आहे म्हणून: झोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तुकडा कापायचा तर हातमोजे आणि चष्मा, आणि झोआ लागलेला खडक कधीही गरम पाण्यात घालू नका, उकळू तर नकाच. वाफेतून विष श्वासात जातं आणि अख्खं घर आजारी पडतं. मुलीला टाकी दाखवा, पण हात बाहेर.

पाचूबेट

मला उलट्या बाजूची चूक सांगायची आहे, कारण ती चांगल्या हेतूने होते.

मी पाणी 'स्वच्छ' करायच्या मागे लागलो होतो. टाकीला लागतो त्याच्या दुप्पट ताकदीचा स्किमर, फॉस्फेट शोषणारी लोहाची खडी, आणि जिवाणू वाढावेत म्हणून रोज थोडी व्होडका. दोन महिन्यांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी तो आकडा बघून खूश होतो. तिसऱ्या महिन्यात वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट तवंग आला. रात्री कमी व्हायचा, दुपारी पुन्हा. मला वाटलं शेवाळ, म्हणून खाणं आणखी कमी केलं. गोगलगायी एकेक करून उलट्या पडल्या. मित्राच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर गोल गोल फिरणारे डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्म जीव), जात ऑस्ट्रिऑप्सिस. दोन्ही पोषकं शून्याला टेकली की बाकीचे जीव उपाशी मरतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं.

खडी काढली, व्होडका बंद केली, नायट्रेट मुद्दाम बाहेरून घातलं, खाणं वाढवलं, आणि रात्री हे जीव पाण्यात तरंगतात म्हणून यूव्हीचा दिवा लावला. सावरायला तीन महिने लागले. पाच वर्षांची झोआची एक वसाहत गेली, ती मला अजून आठवते.

शंखशिंपला, कोरड्या खडकात जुनं फॉस्फेट अडकलेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने झिरपतं. त्यामुळे सुरुवातीला आकडा चढलेला दिसेल. घाबरून लोहाची पिशवी भरून टाकू नका. खडक आधी पिंपात खाऱ्या पाण्यात, पंप लावून महिनाभर ठेवा, पाणी एक-दोनदा बदला.

सागरगोटा

पाणी कुठलं वापरणार ते कोणी विचारलंच नाही. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं वापरणार असाल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर लावून बघा. मी वर्षभर 'आरओचं पाणी' म्हणून वापरत होतो. आत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतो, आणि पुढे खनिजांचं कार्ट्रिज. माझ्या नळीला ६० यायचे. त्यातूनच फॉस्फेट आणि सिलिकेट येत होतं. वेगळा आरओ आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावल्यावर शून्य. रोजचं बाष्पीभवन भरायलाही हेच गोडं पाणी, खारं नाही. मीठ उडून जात नाही, टाकीतच राहतं. हा सगळ्यात पहिला फिल्टर, बाकीचे त्याच्यानंतर.

हिशेबी_मासा

वीज जाण्याबद्दल. पंप बंद पडला की टाकीतलं पाणी परतीच्या नळीतून उलटं खाली येतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. सम्प २४ × १४ × १४ इंचांचा घेतला आणि नऊ इंच भरलात, तर वर सुमारे २७ लिटरची जागा मोकळी. म्हणजे टाकीतली पातळी अडीच इंच उतरली तरी हॉल कोरडा. परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागापासून इंचभरच खाली ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात गोगलगाय अडकते. पाणी भरल्या दिवशी स्वतः चार-पाच वेळा स्विच बंद करून बघा.

चार तास वीज नसेल तर फिल्टरची नव्हे, हवेची काळजी करायची. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, किंवा घरात इन्व्हर्टर असेल तर फक्त लाटांचा छोटा पंप त्यावर टाका, दहा-पंधरा वॅट खातो.

भरतीओहोटी

आवाजाबद्दल. स्किमरपेक्षा ओव्हरफ्लोच्या (टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या) नळीची खळखळ जास्त छळते. दोन भोकं पाडून घ्या. एकीला गेट व्हॉल्व्ह लावून ती पूर्ण पाण्याने भरलेली चालवायची, दुसरी आपत्कालीन, कोरडी. हवा ओढली गेली नाही की आवाज नाही. कपाटाच्या दाराला आतून फोम चिकटवा, पण मागची बाजू उघडी ठेवा, नाहीतर दमटपणाने प्लाय फुगतो.

आणि एसी लावून खोली बंद असेल तर माणसांच्या श्वासाने पीएच ७.८ वर येतो. स्किमर घेणारच असाल तर त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, फरक दिसेल. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडून तापमान उतरवायची युक्ती पुण्याच्या कोरड्या हवेत छान चालते. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तिचा जोर ओसरतो. टाकी ३० च्या वर जाऊ देऊ नका, प्रवाळं पांढरी पडायला लागतात.

शंखशिंपला

मंडळी, निर्णय झाला. दोन भोकं पाडायला सांगितली. सम्प २४ इंचांचा, तीन कप्पे. पहिल्यात गाळणीचा मोजा आणि छोटा स्किमर, मधल्यात चेटो आणि कोळसा, शेवटच्यात परतीचा पंप. मोजा दर तीन दिवसांनी धुवायचा हे कॅलेंडरवर लिहिलंय. टॉवर नाही, कॅनिस्टर नाही, लोहाची खडी नाही. पाणी दर रविवारी १० टक्के.

राईनकाठ

चांगलं ठरवलंत. नवा स्किमर पहिले आठ-दहा दिवस फेस धरणार नाही किंवा नुसतं पाणी ओकेल. प्लास्टिकवरचा तेलकट थर जाईपर्यंत वाट बघा, सारखा स्क्रू फिरवत बसू नका. हाताला खोबरेल लागलं असेल आणि तो टाकीत बुडवलात तरी फेस दिवसभर येत नाही. गळ्याची नळी दोन-तीन दिवसांनी पुसा.

शंखशिंपला

सहा महिन्यांनी धागा वर काढतेय.

खडक महिनाभर पिंपात ठेवला होता. टाकीत सायकल (अमोनिया संपवणारे जिवाणू स्थिरावणं) पाच आठवड्यांत पूर्ण झाली. पहिले तीन महिने फॉस्फेट ०.२ च्या खाली येईना, पाचूबेट यांचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि हात आवरला. चौथ्या महिन्यापासून आपोआप उतरलं. आज नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६. पाण्याचा खारेपणा ३५. स्किमरचा कप आठवड्याला दोनदा ओतते, चहाच्या रंगाचं निघतं. खोबरेलाचं राईनकाठ यांनी लिहिलं होतं ते अगदी खरं, लेकीच्या वेण्या घालून तसाच हात घातला आणि दिवसभर कप कोरडा.

जुलैत साडेतीन तास वीज गेली. सम्प काठाच्या दोन इंच खाली थांबला. एअर पंप चालू होता, सगळे सुखरूप.

सासूबाईंना आवाज येत नाही, पण पहाटे उठल्या की त्याच आधी जाऊन मासे मोजतात. लेदर तळहाताएवढा झालाय आणि गेल्या आठवड्यापासून दोन्ही क्लाउन त्याच्यातच झोपतात. लेक रोज रात्री टॉर्च घेऊन काचेवरचे कोपेपॉड शोधते, लांबूनच.

चेटो पंधरवड्याला दोन मुठी निघतो. ठाणे-मुलुंड भागात कुणाला सुरुवातीला हवा असेल तर विचारपूस करा, धुऊन खाऱ्या पाण्याच्या बाटलीत ठेवून देईन. रविवारी सकाळी न्यायला या.